'नाही' म्हटल्यावरचे तीन दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरात मानेवाड्याकडे सासू-सासऱ्यांसोबत राहणाऱ्या, खासगी नोकरी करणाऱ्या एका बाईंच्या लग्नाला आठ वर्षं झालीत, मुलगा सहा वर्षांचा आहे. नवरा बाहेर सगळ्यांच्या मदतीला धावतो, मोहल्ल्यात त्याचं नाव आहे. घरात मात्र बायकोचा पगार आपल्या खात्यात वळवून घेतो, आठ-आठ दिवस अबोला धरतो, आणि काल स्वतः बोललेलं आज 'मी असं म्हटलंच नाही, तुझ्या डोक्यावर परिणाम झाला आहे' म्हणून उडवून लावतो. त्या विचारतात: हा नार्सिसिस्ट, म्हणजे आत्मकेंद्रीपणाचा व्यक्तिमत्त्व विकार असलेला माणूस, आहे का, सुधारेल का, आणि नाहीच सुधारला तर मी यातून निघू कशी?

आधी त्या शब्दाचं बघू. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत १९८० साली या व्यक्तिमत्त्व विकाराला स्वतंत्र जागा मिळाली. आजच्या आवृत्तीत त्याची ९ लक्षणं दिली आहेत: स्वतःचं मोठेपण फुगवणं, यश आणि सत्तेच्या कल्पनांत रमणं, आपण खास असल्याची समजूत, कौतुकाची न संपणारी भूक, सगळं आपल्याला मिळायलाच हवं हा हक्क, माणसं वापरून घेणं, दुसऱ्याच्या वेदनेशी देणंघेणं नसणं, हेवा आणि उर्मटपणा. निदानाला यातली किमान ५ लागतात. तीही तरुणपणापासूनची आणि घर, नोकरी, मित्र अशा सगळीकडे दिसणारी. हे निदान समोर बसून, वेळ घेऊन, प्रशिक्षित माणूसच करू शकतो. पत्रावरून मी नाही, आणि रील पाहून तुम्हीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने तर २०२२ पासून लागू असलेल्या वर्गीकरणात असे वेगवेगळे कप्पेच काढून टाकले. तिथे विकार किती तीव्र आहे आणि कोणते स्वभावविशेष ठळक आहेत हेच मुख्यतः पाहतात. जाता जाता: 'स्वमग्न' हा शब्द यासाठी वापरू नका. मराठीत तो ऑटिझमसाठी रुळला आहे, आणि त्या मुलांचा या प्रकाराशी काही संबंध नाही.

हल्ली हा शब्द मारबतीसारखा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मिरवून जाळतात त्या पुतळ्यासारखा, झाला आहे. घरातली सगळी ईडा-पिडा त्याच्यावर लादायची, 'घेऊन जा गे मारबत' म्हणायचं, आणि संध्याकाळी घरी यावं तर सगळं जिथल्या तिथे. तुम्हाला निदानाची गरज नाही. न्यायालय ते मागत नाही, संरक्षण अधिकारी (कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारींसाठी सरकारने नेमलेला) मागत नाही, आणि तुम्हाला बरं व्हायलाही ते लागत नाही. नवऱ्याला तर 'तू नार्सिसिस्ट आहेस' असं चुकूनही ऐकवू नका. दुसऱ्या दिवशी तोच शब्द तुमच्या माहेरपर्यंत पोचलेला असेल, तुमच्या नावावर.

कामाचं मोजमाप वेगळं आहे. एखादा लहानसा, वाजवी नकार दिल्यावर पुढचे तीन दिवस घरात काय होतं ते बघा. 'रविवारी मी आईकडे जाते, साडेसातपर्यंत परत येईन', एवढाच. साधा तापट माणूस चिडेल, दोन शब्द बोलेल, जेवताना तोंड पाडेल. दुसऱ्या दिवशी चहा पिताना विषय संपलेला असेल. नियंत्रण ठेवणारा माणूस तुम्हाला त्या नकाराची किंमत मोजायला लावतो. अबोला सुरू होतो, गाडीची किल्ली सापडेनाशी होते, मुलाला 'बघ, आईला आपण आवडत नाही' असं सांगितलं जातं, सोमवारी मोठ्या जावेचा फोन येतो. आणि तुम्ही 'माझं चुकलं' म्हणेपर्यंत हे थांबत नाही. एका प्रसंगावरून काही ठरवू नका. महिन्याभरात चार-पाच वेळा हाच क्रम दिसला तर तो स्वभावाचा तापटपणा नव्हे. मात्र घरात आधी मारहाण झाली असेल, कधी गळा दाबला असेल, हत्याराचा धाक दाखवला असेल, तर ही परीक्षा मुळीच घेऊ नका. गळा दाबणं हे पुढे जिवावर बेतण्याचं गंभीर लक्षण मानतात, एकदाच घडलं असलं तरी. तिथे थेट सुरक्षेची तयारी करायची.

दुसरी खूण बोलण्यात सापडते. विसरणं आणि नाकारणं यांत फरक आहे. खरोखर विसरलेला माणूस स्वतःही थोडा गोंधळतो: 'असं म्हटलं असेन काय? आठवत नाही बुवा.' ज्याला गॅसलायटिंग म्हणतात त्यात खात्री कायम त्याच्याकडे असते आणि शंका कायम तुमच्याकडे. आठ वर्षांत एकदाही 'माझी आठवण चुकली' असं त्याच्या तोंडून निघालं नसेल, तर दोष तुमच्या स्मरणशक्तीत नाही. माफीचंही तेच. 'सॉरी, पण तू काहून तशी बोललीस?' यातला 'पण' आला की आधीची माफी पुसली जाते.

आणि तरीही पाय निघत नाही, याची लाज वाटू देऊ नका. तो सतत वाईट वागला असता तर तुम्ही केव्हाच निघाला असता. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने प्राण्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं की दाणा प्रत्येक वेळी मिळण्याऐवजी केव्हातरी, अंदाज न लागता मिळाला, तर ती सवय सुटायला सगळ्यात कठीण जाते. सट्टापट्टी खेळणारा हरूनही रोज चिठ्ठी लावतो, तो याचमुळे. आठ दिवसांच्या अबोल्यानंतर एका संध्याकाळी तो गाडी काढतो, फुटाळा तलावावर नेतो, मुलाला भुट्टा घेऊन देतो, आणि वाटतं की खरा माणूस हाच. तो खोटा असतो असं मी म्हणत नाही. पण ती संध्याकाळ त्या आठ दिवसांची भरपाई नाही, त्याच साखळीतली पुढची कडी आहे.

इथे दोन गोष्टी लक्षात घ्या. व्यक्तिमत्त्वाचा विकार एकाएकी उगवत नाही. पूर्वी नीट असलेला माणूस वर्ष-दोन वर्षांत बदलला असेल तर दारू, नैराश्य, किंवा झोप कमी, खर्च अफाट, बोलणं धबधब्यासारखं अशा उन्मादाच्या झटक्यांची तपासणी आधी व्हावी. पन्नाशीनंतर स्वभाव पालटला असेल तर मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावं. दुसरं, मोठेपणा मिरवणारा प्रकार ओळखायला सोपा. सोसणाऱ्याच्या वेशातला अवघड. 'मी मेल्यावर कळेल तुम्हाला' म्हणत सगळं घर आपल्याभोवती फिरवणारी माणसं आवाज चढवत नाहीत, पण नकाराची किंमत तीही तशीच वसूल करतात.

सुधारेल का? या विकारावर गोळी नाही. सोबतच्या नैराश्यावर, चिंतेवर औषध मिळतं, मूळ स्वभावावर नाही. मानसोपचाराने फरक पडू शकतो, पण वर्षानुवर्षं लागतात आणि माणूस स्वतःसाठी यावा लागतो. तुम्ही सोडून जाऊ नये म्हणून आलेला बहुधा तिसऱ्या-चौथ्या भेटीला थांबतो. बदल खरा आहे की नाही हे त्याच्या अश्रूंवरून कळत नाही. कोणी न सांगता तुमचा पगार तुमच्या खात्यात परत गेला का, आणि त्याबद्दल त्याने कौतुक मागितलं नाही का, हे सहा महिने पाहावं. जोडप्याचं एकत्र समुपदेशन घाईने सुरू करू नका. धाक चालू असताना तिथे मोकळेपणी बोललेलं घरी हत्यार म्हणून परत येतं. आधी स्वतंत्र वेळ मागा, आणि एकट्यात धाकाबद्दल न विचारता थेट दोघांना समोरासमोर बसवणारा समुपदेशक बदला.

आता मुख्य मुद्दा. अशा नात्यात अडकलेल्या माणसाची सगळी ताकद एकाच ठिकाणी गळते: स्पष्टीकरण देण्यात. उशीर का झाला, आईला फोन का केला, भाजीत तेल का जास्त. तुम्हाला वाटतं, नीट समजावलं तर त्याला कळेल. त्याला कळतंच. पण तुम्ही दिलेलं प्रत्येक कारण हे त्याला खोडायला मिळालेलं एक नवं टोक असतं. 'ऑफिसात काम होतं' म्हटलं की 'कोणतं काम, कोणासोबत' सुरू. म्हणून पहिलं काम घर सोडणं नाही. कारणं देणं कमी करणं.

वाक्यं आधीच ठरवून ठेवा, आणि ती कंटाळवाणी असू द्या. 'बरं.' 'मी विचार करून सांगते.' 'हे मला जमणार नाही.' 'तुला तसं वाटत असेल.' आवाज बँकेच्या खिडकीवर असतो तसा: ना गोड, ना कडू. तेच वाक्य फार तर दोनदा म्हणायचं, मग हातातल्या कामाकडे वळायचं. टोमणा मारायचा नाही, कारण टोमणा म्हणजे उलट्या अंगाने दिलेलं स्पष्टीकरणच.

हे सुरू केलं की त्याचं वागणं आधी बिघडतं. नेहमीच्या चिथावणीला उत्तर मिळेनासं झालं की ती वाढवून पाहिली जाते. अबोला लांबतो, नातेवाईक गोळा होतात, जुनी गुपितं बाहेर निघतात. हे काही दिवस, कधी काही आठवडे चालतं, आणि बहुतेकांची हार इथेच होते. पंधराव्या दिवशी कंटाळून लांबलचक खुलासा दिला, तर तो एवढंच शिकतो की पुढच्या वेळी पंधरा दिवस ताणायचं. म्हणून पहिला प्रयोग अगदी किरकोळ विषयावर करा, पैशांवर नाही. धाक वाढून मारहाणीकडे जातोय असं दिसलं तर लगेच सोडून द्या. तिथे 'हो' म्हणून वेळ निभावणं हा शहाणपणा आहे. आणि हा कोरडेपणा फक्त त्याच्यापुरता. दिवसभर तो ओढून बसलं तर मुलाशी बोलतानाही तोच आवाज लागतो.

सोबत नोंदी ठेवा, पण त्याला पटवून देण्यासाठी नाही. तारीख, वेळ, जसेच्या तसे शब्द, कोण हजर होतं, पुढे काय झालं. पाच ओळी पुरे. 'खूप वाईट वागला' असं लिहू नका. 'रात्री पावणेदहा, दार आतून लावलं, वीस मिनिटं मी आणि मुलगा गच्चीच्या जिन्यावर' असं लिहा. महिन्याने स्वतःच्याच आठवणीवर शंका आली की हे वाचायचं. आणि पुढे वकिलाला विशेषणं नकोच असतात. वही घरात ठेवू नका. मैत्रिणीच्या फोनवरून नवा ईमेल उघडा आणि तिथेच लिहा. तुमच्या फोनवरचं व्हॉट्सॲप दुसऱ्या कुठल्या यंत्राला जोडलेलं आहे का ते 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये दिसतं. गूगल खात्यात कोणकोणते फोन आहेत आणि नकाशात ठिकाण कोणाला दिसतंय, तेही बघा. दिसलं तरी लगेच बंद करू नका, बंद झाल्याचं त्याला कळतं. निघायच्या दिवशी सगळं एकदम. त्याचे संदेश पुसू नका, आणि ते ज्या फोनवर आलेत तो विकू नका: भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, नुसत्या स्क्रीनशॉटवर आक्षेप घेता येतो. नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रण वैवाहिक खटल्यात पुरावा म्हणून घेता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये म्हटलं आहे. तरी रेकॉर्डिंग सापडलं तर घरात काय होईल, हा विचार आधी.

पैशांचं गुपचूप आणि हळू. त्याचं खातं नाही अशा बँकेत एकट्याच्या नावाचं खातं, पत्रव्यवहाराचा पत्ता माहेरचा किंवा ऑफिसचा. पगार त्यात वळवणं हा मोठा नकार आहे, तो शेवटी. तोवर बोनस, प्रवासभत्ता, जमेल ते तिकडे. तीन महिन्यांचं भाडं, मुलाची फी आणि वकिलाची पहिली रक्कम एवढं जमवायचं, हा अंदाज धरा. पीएफचा यूएएन आणि पासवर्ड स्वतःकडे. त्याच्या कर्जाला जामीन म्हणून सही नाही. 'विश्वास नाही काय माझ्यावर?' याला उत्तर 'मी कागद वाचून सांगते'. लॉकर दोघांपैकी कोणालाही उघडता येत असेल तर दागिने आत आहेत का ते एकदा पाहून, प्रत्येक दागिन्याचा फोटो आणि मिळेल ती पावती ठेवा. ते तुमचं स्त्रीधन आहे. आधार, पॅन, लग्नाचा दाखला, मुलाचा जन्मदाखला, शाळेचे कागद, दोघांच्या पगारचिठ्ठ्या, दवाखान्याच्या फायली, घराच्या पत्त्याचं वीजबिल, यांच्या प्रती एका विश्वासाच्या घरी पोचवा.

कायद्याचं थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण 'मारलं नाही तर केस होत नाही' हा गैरसमज नागपुरातही घट्ट आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ चा आहे, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. त्याच्या कलम ३ मध्ये शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्ट लिहिला आहे. पगार काढून घेणं, स्त्रीधन अडवणं यात येतं. अर्ज कलम १२ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्च, मुलाचा तात्पुरता ताबा आणि भरपाई हे सगळं एकाच अर्जात मागता येतं. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात लांबतं, म्हणून कलम २३ चा अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागायला वकिलाला सांगा. संरक्षण आदेश मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुमचा हक्क नाही, हेही खरं नाही: सामायिक घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचं असू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. कायमची क्रूरता असेल तर भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ आहे. पण ती फौजदारी वाट. तिकडे वळण्याआधी वकिलाशी नीट बोला, ती रागाच्या भरात धरायची नसते.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली महिलेला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सिव्हिल लाइन्समध्ये जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. पोलिसांचा भरोसा सेल (कौटुंबिक तक्रारी पाहणारा कक्ष) समुपदेशनही करतो. तिथे 'समझोता करा' असा सूर लागला तर तुमच्या पाच ओळींच्या नोंदी पुढे ठेवा आणि संरक्षण अधिकाऱ्यांकडून घरगुती घटना अहवाल भरून मागा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१. हाच त्रास बायकोकडून सोसणाऱ्या पुरुषाला २००५ चा कायदा लागू होत नाही. त्याची वाट क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाची, आणि नोंदी ठेवण्याची रीत तीच. मुलाच्या धाकातल्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी २००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे.

निघायचं ठरलं तर सांगून निघू नका. वेगळं होण्याचा काळ हा सगळ्यात धोक्याचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत माहेरी जाणं कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही, मुलाची शाळाही बुडत नाही. मे महिन्याचा तो आडोसा अनेकींच्या कामी येतो. पिशवीत कपडे कमी आणि कागद जास्त.

मुलाला निरोप्या करू नका आणि त्याच्यासमोर बापाला नावं ठेवू नका. 'बाबा आणि मी वेगळे राहणार, यात तुझी काही चूक नाही', हे सहा वर्षांच्या मुलाला पुरतं, फक्त अनेकदा सांगावं लागतं. नवऱ्याशी संपर्क लेखी, आणि चारच विषयांवर: तब्येत, शाळा, भेटीची वेळ, खर्च. पाचवा विषय आला की उत्तर नाही. मुलाची देवाणघेवाण शाळेच्या फाटकाशी किंवा न्यायालय सांगेल तिथे, घराच्या दारात नको.

बाहेर पडल्यावर पहिले काही आठवडे आराम वाटेल अशी अपेक्षा धरू नका. व्यसन सुटताना होतं तसंच होतं: झोप तुटते, त्याचं स्टेटस पुन्हापुन्हा पाहिलं जातं, फुटाळ्याची ती संध्याकाळ आठवते. यासाठी नोंदींमधले दहा प्रसंग तारखेसह एका कागदावर काढा आणि आठवण दाटली की तो वाचा. दिवाळी, मुलाचा वाढदिवस, सासूबाईंचं आजारपण, या निमित्तांनी गोड संदेश येतील. चोवीस तास उत्तर द्यायचं नाही, मग त्या चार विषयांत बसत असेल तरच. मामा-काकूंचे फोन येतील, 'संसारात एवढं चालायचंच'. 'काकू, तुमची काळजी कळते, पण हे आता वकिलांकडे आहे', इतकंच. त्यांना पटवायला गेलात की तीच जुनी गळती पुन्हा सुरू. सगळी हकीकत माहीत असलेली माणसं तीन पुरेत.

उदासी, झोप न लागणं, दचकणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर नागपुरातल्या मेडिकल, मेयो किंवा मिहानमधल्या एम्स या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा. मरणाचे विचार आले तर दोन आठवडे थांबायचं नाही; १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक चोवीस तास चालतो. आघातावर केंद्रित बोधात्मक वर्तन उपचाराला (बोलण्यातून विचार आणि वागणं बदलणारा उपचार, इंग्रजीत सीबीटी) साधारण ८ ते १२ सत्रं लागतात. वर्षानुवर्षांच्या छळानंतर जास्त. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहे का, कौटुंबिक हिंसाचाराच्या केसेस हाताळल्या आहेत का, आणि नवऱ्याला न बोलावता काम करतील का, हे पहिल्याच फोनवर विचारा.

गेलेली असते ती निर्णय घेण्याची सवय, आणि ती फुटकळ गोष्टींतूनच परत येते. रोज एक गोष्ट कोणालाही न विचारता ठरवा: आज भाजी कोणती, पडदा कोणत्या रंगाचा. नकाराचा सरावही स्वस्तातल्या जागी करा. इतवारीत दुकानदाराने साडीचे दहा पदर उलगडले तरी 'नाही, नको' म्हणून पायरी उतरा, कारण न सांगता. मग घड्याळ बघा, मनातला खुलासा किती वेळ चालू राहतो. सुरुवातीला तो घरापर्यंत येईल, रात्री अंथरुणातही येईल. काही महिन्यांनी पुढच्या दुकानापाशी थांबलेला असेल. तो मुक्काम कुठे हलतोय ते महिन्यातून एकदा त्याच ईमेलमध्ये तारीख घालून लिहीत जा.